एकट्या माउलीचा हिशेब

मार्गशीर्षातील पौर्णिमेस आपल्या भागात रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवसापासून सौंदत्तीच्या डोंगरावरील रेणुकादेवीचे वैधव्य मानले जाते. दोन महिन्यांनी माघी पौर्णिमेस, म्हणजे अहेव पुनवेस, देवी पुन्हा सवाष्ण होते. निपाणी-चिकोडीकडून आणि सीमेपलीकडील कागल-कोल्हापुराकडून गाड्या भरून माणसे या यात्रांना जातात. देवीचे एकटेपण असे पंचांगात सुरू होते व पंचांगातच संपते. परंतु ज्या भगिनीचा पती वारला, किंवा घर सोडून निघून गेला, तिच्या एकटेपणास अशी ठरलेली तिथी नसते. पदरी दोन-तीन लेकरे असता तिने चार पैसे अधिक कसे मिळवावेत, आणि ते मिळविताना लेकरांचे बालपण कसे राखावे, याचा थोडा विचार येथे मांडीत आहोत. आमचे शिक्षण हायस्कुलापुरते. तथापि वडील देवळात पूजा करतात व ओवरीत बसून लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले आहे. त्या बैठकीवर जे समजले तेवढेच सांगतो.

निपाणीचे नाव तंबाखूमुळे झाले. वखारीतील तंबाखू चाळणे, निवडणे ही कामे पिढ्यानुपिढ्या स्त्रियांच्याच हाती राहिली आणि विडी वळण्याचे काम घरोघरी गेले. एकट्या आईस ते सोयीचे वाटते, कारण चुलीकडे लक्ष राहते आणि मूल डोळ्यांपुढे असते. पाने भिजवून ओल्या फडक्यात ठेवावयाची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापावयाची, सूप मांडीवर घेऊन पानात तंबाखू भरावयाची, वळावयाचे, तोंड दुमडावयाचे, दोरा बांधावयाचा. 25 विड्यांचा एक कट्टा, 40 कट्ट्यांचे एक हजार. हजार विड्या म्हणजे सराईत हाताचा सबंध दिवस होय. स्वयंपाक, पाणी व दुखणी-बाणी सांभाळून तो आकडा गाठत नाही. मग शाळेतून आलेली पोर पाटी-दप्तर ठेवून शेजारी बसते. लहान बोटांना विडीचे तोंड दुमडणे चांगले जमते, असे आया कौतुकाने सांगतात! ते कौतुक ऐकताना आम्हांस नेहमी अवघडल्यासारखे होते.

गेल्या वर्षी आमच्या आळीतील एक भगिनी अर्जासाठी ओवरीत आली. तिची मुलगी सातवीत. वर्गात झोपते म्हणून बाईंनी चिठ्ठी पाठविली होती. ‘पोरीच्या हातून रात्री दोनशे विड्या होतात, त्या सोडून कसे चालेल?’ असे ती म्हणाली. प्रश्न खरा होता, म्हणून उपदेश न करता आम्ही वही उघडून हिशेब मांडला. तिच्या रोजच्या हजारातून सुमारे 50 विड्या छाट म्हणून काढल्या जात. त्यांची मजुरी नाही. 20 दिवसांत त्या हजार झाल्या, म्हणजे दिवसभराचे काम फुकट गेले. महिन्याचे 25 दिवस काम धरले तर छाट 1250 होते. पोरीच्या सहा रात्री केवळ ही छाट भरून काढण्यात जात होत्या. आकडा पाहून ती बराच वेळ बोलली नाही.

पुढे दुसरीच गोष्ट निघाली. तिच्या विड्या तिच्या नावावर जातच नव्हत्या. कार्ड जावेचे, माल त्यावर जाई व पैसे हातात मिळत. अनेक घरांत असेच चालते आणि त्यात कोणास गैर वाटत नाही. परंतु कागदावर ती विडी कामगारच नव्हती. तिची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम साचत नव्हती, मुलीस शिष्यवृत्ती मागता येत नव्हती.

घरी बसून केलेले काम हे कामच होय, हे मान्य करून घेण्यास या देशात पुष्कळ वर्षे लागली. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखात्यातील स्त्रीसही कामगार मानले. कारखानदार न्यायालयात गेले, आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला. भविष्यनिर्वाह निधी 1977 साली या धंद्यास लागू झाला आणि घरी वळणारीसही तो लागू आहे, हे 1985 साली न्यायालयात पक्के झाले. त्या 1966 च्या कायद्यात 20 दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा होती. वर छाटीने 20 दिवसांत एक दिवस खाल्लेला आपण पाहिलाच! आता तो कायदा नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. विडीवरील उपकरही 2017 साली उठला, तरी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती चालू आहे.

हे हक्क निपाणीत आपोआप उतरले नाहीत. 1980 च्या सुमारास श्री. सुभाष जोशी यांच्याबरोबर येथील वखारीतील व विडीच्या स्त्रिया संघटित झाल्या. त्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने 1982 साली चित्रपटही काढला. त्या स्त्रियांत देवीला सोडलेल्या भगिनी पुष्कळ होत्या. त्यांच्या मुलांस बापाचे नाव नाही, सारा भार आईवर. देवदासी प्रथेविरुद्ध 1934 साली मुंबई इलाख्यात (बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते) आणि 1982 साली कर्नाटकात कायदा झाला. देवाचे नाव घेऊन ज्या बायकांना एकट्या आया केले, त्यांच्यापुढे देवळाने मान वर करून उपदेश करू नये, असे पुजाऱ्याच्या घरात वाढूनही, किंबहुना म्हणूनच, आम्हांस वाटते. बेळगावात ‘मास’ ही माजी देवदासींची संस्था 1997 पासून हे काम करीत आहे.

घरबसल्या उद्योग वाईट असे आमचे म्हणणे नाही. मुंबईत गिरगावात 1959 साली सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ पापडाचा उद्योग सुरू केला. तेथेही पीठ घरी नेऊन पापड लाटूनच आणावयाचे असतात. परंतु वहीत नाव लाटणारीचे असते व ती उद्योगाची भागीदार असते. पूर्वी विधवेचा मुलगा वार लावून जेवी, पोट भरे आणि मान खाली राही. त्यापेक्षा हे किती बरे!

सीमाभागातील आणखी एक अडचण येथे नमूद करतो. आई मराठी शाळेत शिकलेली, अर्ज कन्नडमध्ये. 2023 साली सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीस दरमहा 2000 रुपये ठरले. परंतु शिधापत्रिकेवर प्रमुख म्हणून सासूचे नाव असेल तर पैसे सासूच्या खात्यात जातात. सासू-सून वेगळ्या राहत असल्या तरी कागदावर त्या एकत्रच असतात. ही ओळ न वाचता आल्यामुळे परत गेलेल्या दोन भगिनी आम्हांस ठाऊक आहेत. आम्ही स्वतः कन्नड अक्षरे वयाच्या विसाव्या वर्षी गिरविली, ती या अर्जांपायीच.

आळीतील त्या भगिनीचे स्वतःच्या नावाचे कार्ड होण्यास पाच महिने लागले. जाऊ रुसली होती, आता बोलते. दरम्यान तिने रोजचा आकडा आठशेवर आणला आणि सकाळी दोन घरच्या भाकऱ्या धरल्या. रक्कम पूर्वीइतकी होत नाही; थोडी कमीच पडते. मुलगी सायंकाळी ओवरीत अभ्यासास बसते. तिच्याबरोबर आता आणखी चार मुले असतात.

ओवरीतील दिवा सात ते नऊ चालू असतो. अर्जासाठी येणाऱ्या भगिनींनी आधारपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक आणि मुलांचे शाळेचे दाखले बरोबर आणावेत. एकादशीस गर्दी असते, तो दिवस टाळावा.