शाळेत असतानाच कॉलेजचे श्रेयांक

अमेरिकेत राहणारी आपली भाची बारावीत असतानाच कॉलेजचे अर्धे वर्ष संपवून बसली आहे, असे एखाद्या गृहस्थाने सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन विचार येतात. मुलगी असामान्य बुद्धीची असली पाहिजे, हा पहिला. आणि तिकडचे शिक्षण भलतेच सोपे असले पाहिजे, हा दुसरा. हे दोन्ही विचार बरोबर नाहीत. शाळेत शिकत असतानाच कॉलेजच्या पदवीतला काही भाग पुरा करून ठेवण्याची सोय त्या देशात सत्तर वर्षांपासून आहे, आणि आज तिचा लाभ घेणारे विद्यार्थी बहुतेक साधे विद्यार्थीच आहेत. ही सोय कशी उभी राहिली, तिचे व्यवहार कसे चालतात आणि तिच्यात फसगत कोठे होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

अमेरिकेत शाळेची वर्षे बारा. त्यांतली शेवटची चार, म्हणजे नववी ते बारावी, यांना तेथे हायस्कूल म्हणतात. पुढे बॅचलरची पदवी सामान्यतः चार वर्षांची. पण पदवी मिळते ती वर्षे भरली म्हणून नव्हे. ठरावीक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमले म्हणून. सुमारे पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यासाठी साधारण दोन तास स्वतःचा अभ्यास, याचा एक श्रेयांक होतो. त्या हिशेबाने तीन श्रेयांकांचा विषय म्हणजे वर्गातले ४५ तास आणि घरचे ९० तास. सत्राला १५, वर्षाला ३० आणि चार वर्षांत १२० श्रेयांक झाले की पदवी. बारावीच्या मुलीने दोन्ही सत्रांत असे दोन-दोन विषय केले तर तिच्या खात्यावर १२ श्रेयांक पडतात. म्हणजे एक सत्र जवळजवळ हाती आले.

या मोजमापाचा उगम मोठा गमतीचा आहे. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. ज्या कॉलेजांना तिचा लाभ हवा, त्यांनी प्रवेश देताना हायस्कूलच्या अभ्यासाची ठरावीक एकके मागावीत, अशी अट पडली. वर्षभरात सुमारे १२० तास शिकलेला विषय म्हणजे एक एकक, हे कोष्टक त्यामुळे देशभर रूढ झाले. कॉलेजचे श्रेयांकही तास मोजण्याच्या याच रीतीत वाढले. पेन्शनच्या हिशेबातून अभ्यासाचे माप निघावे, हे आपल्याला विचित्र वाटेल. पण मापे बहुधा अशीच जन्माला येतात.

तीन वाटा

पहिली वाट परीक्षेची. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेकांच्या लक्षात आले की चांगल्या शाळांतून आलेली मुले कॉलेजच्या पहिल्या वर्षी शाळेत शिकलेलेच पुन्हा शिकत बसतात. तीन नामांकित शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे यांनी मिळून १९५२ साली यावर एक अहवाल काढला. केनयन कॉलेजच्या पुढाकाराने दुसराही एक प्रयत्न त्याच सुमारास चालू होता. त्यांतून ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ ही योजना निघाली. १९५५ साली ती कॉलेज बोर्डाने हाती घेतली आणि १९५६ साली तिच्या परीक्षा झाल्या. विषय शाळेतच शिकवायचा, पण कॉलेजच्या पातळीवर. मे महिन्यात देशभर एकच परीक्षा घ्यायची आणि १ ते ५ अशी श्रेणी द्यायची. ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाली तर अनेक कॉलेजे श्रेयांक देतात. सगळे एका परीक्षेवर अवलंबून.

दुसरी वाट दुहेरी प्रवेशाची. तीत विद्यार्थी एकाच वेळी शाळेचाही असतो आणि कॉलेजचाही. कधी तो कॉलेजात जाऊन वर्गात बसतो, तर कधी कॉलेजने मान्य केलेले शाळेचेच शिक्षक कॉलेजचा अभ्यासक्रम शाळेत शिकवतात. वर्षभरातले निबंध, चाचण्या आणि प्रयोग यांवरून गुण ठरतात. कनेक्टिकट विद्यापीठात हे १९५५ पासून चालू आहे. सिराक्यूस विद्यापीठाने १९७२ च्या सुमारास आपल्या गावच्या शाळांबरोबर तशीच योजना आखली. परंतु खरे वळण आले ते मिनेसोटा राज्यात. १९८५ च्या कायद्याने तेथील अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजात बसण्याची मुभा मिळाली, आणि फी राज्याने भरायची असे ठरले. १९९० साली वॉशिंग्टन राज्यानेही असाच कायदा केला. पूर्वी ज्याच्या शाळेची ऐपत त्याला ही सोय होती. आता ज्याची इच्छा आणि तयारी त्याला ती मिळू लागली.

तिसरी वाट सर्वांत वेगळी. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारातच एक हायस्कूल काढण्यात आले. त्यात मुले घेतली ती पहिल्या नंबरची नव्हेत, तर शाळा सोडण्याच्या बेतात असलेली. कॉलेज रोज डोळ्यांसमोर असले म्हणजे ते आपल्यासाठीही आहे असे या मुलांना वाटू लागेल, ही त्यामागची कल्पना. एकविसाव्या शतकाच्या आरंभी याच धर्तीवर अनेक शाळा निघाल्या. त्यांतल्या काही शाळांत प्रवेश चिठ्ठ्या टाकून होत असे. म्हणून चिठ्ठी निघालेल्या आणि न निघालेल्या मुलांची तुलना करणे शक्य झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात पहिल्या गटातील शेकडा २२ मुलांनी त्या मुदतीत कॉलेजची, बहुतेक दोन वर्षांची, पदवी मिळवल्याचे दिसले. दुसऱ्या गटात हे प्रमाण शेकडा २ होते. चिठ्ठीत बुद्धी पाहिली जात नाही. म्हणून हा फरक मुलांच्या डोक्यातला नव्हे, संधीतला म्हणावा लागतो.

आज दुहेरी प्रवेशाचा लाभ घेणारी मुले वर्षाला पंचवीस लाखांहून अधिक आहेत. कम्युनिटी कॉलेजांत दर पाच विद्यार्थ्यांमागे एक हायस्कूलचा असतो.

हुंडी वटते कोठे?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग अडचण कसली? अडचण आहे, आणि ती आपल्या पेठेतील जुन्या व्यापाऱ्यांना लगेच समजेल. बेळगावच्या पेढीने लिहिलेली हुंडी मुंबईच्या पेढीने पटवली तर ती पैसा. नाही तर नुसता कागद. श्रेयांकाचेही तसेच आहे. एका कॉलेजने दिलेला श्रेयांक दुसऱ्याने मानला तर वर्ष वाचते, फी वाचते. न मानला तर मुलाने केलेला अभ्यास खरा असूनही हिशेबात शून्य. डार्टमथ कॉलेजने २०१३ साली जाहीर केले की पुढील वर्षी येणाऱ्या तुकडीपासून ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या परीक्षेबद्दल श्रेयांक देणार नाही. उलट इलिनॉय राज्याने २०१५ साली कायदा करून आपल्या सरकारी कॉलेजांना ३ श्रेणीपासून श्रेयांक देणे भाग पाडले. परीक्षा तीच, श्रेणी तीच. पण एका दारी हुंडी वटते, दुसऱ्या दारी परत येते.

हा विश्वासाचा प्रश्न किती खोल जातो, याचे एक उदाहरण १९८२ सालचे आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफील्ड हायस्कूलमध्ये हाइमे एस्कालांते नावाचे, मूळचे बोलिव्हियाचे, शिक्षक गणित शिकवत. मुले बहुतेक गरीब मेक्सिकन वंशाच्या घरांतली. त्यांच्या अठरा विद्यार्थ्यांनी कलनशास्त्राची ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटची परीक्षा दिली आणि सगळे उत्तीर्ण झाले. काही उत्तरांत चुकाही सारख्या दिसल्या, म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने चौदा जणांच्या निकालाविषयी शंका घेतली. अशा शाळेतल्या मुलांना एवढे गणित येईलच कसे, हा संशयच त्यामागे आहे, असे अनेकांना वाटले. त्या चौदांपैकी बाराजण ऑगस्टअखेर पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही उत्तीर्ण झाले. पहिल्या परीक्षेत काय घडले याविषयी पुढेही वाद चालला. पण दुसऱ्या परीक्षेचा निकाल वादापलीकडचा होता. मोठ्या घरच्या मुलाची हुंडी पाहताक्षणी पटते, गरिबाच्या मुलाला ती दोनदा लिहून द्यावी लागते, हे यातून ध्यानात राहते.

याशिवाय आणखी तीन गोष्टी तिकडचे जाणते शिक्षक मुलांना आधीच सांगतात. एक, कॉलेजच्या विषयात पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळालेले गुण कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमचे राहतात. दोन, श्रेयांक मान्य झाला तरी आपल्या पदवीला तो विषय लागतच नसेल, तर तो खात्यावर पडून राहतो. तीन, फी माफ असली तरी पुस्तके आणि जाण्यायेण्याचा खर्च पुष्कळदा घरावरच पडतो. खेड्यातल्या मुलाच्या दृष्टीने कॉलेजची बस हीच कधी कधी खरी प्रवेशपरीक्षा ठरते.

आपल्याकडे पाहता

आपल्या जुन्या प्राध्यापकांना या सगळ्यात फारसे नवल वाटणार नाही. मुंबई विद्यापीठाच्या काळी मॅट्रिक झालेली मुले थेट कॉलेजात येत आणि इंटर होऊनच बी. ए. कडे वळत. सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी कॉलेजच्या ग्रंथालयात आणि कॉलेजच्याच प्राध्यापकांसमोर बसे. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आली आणि ती दोन वर्षे वेगळ्या मंडळाकडे गेली. आज अनेक ठिकाणी पी. यू. चे आणि पदवीचे वर्ग एकाच आवारात भरतात. वर्गांमध्ये भिंत एका विटेची असते, नियमांची भिंत मात्र बरीच जाड.

श्रेयांकांची भाषा आता आपल्याकडेही आली आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक साठवण्याच्या बँकेचे नियम केले. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय वर्गही धरले आहेत : वर्षाला १,२०० तास, त्यांचे ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. परंतु बारावीचा स्तर निराळा आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचा निराळा, असे तोच आराखडा सांगतो. शाळेत श्रेयांक मिळणे ही एक गोष्ट, आणि शाळेत कॉलेजचा श्रेयांक मिळणे ही दुसरी. दोन्हींची गल्लत करू नये.

अमेरिकेच्या सत्तर वर्षांतून आपल्याला घेण्यासारखा धडा बँकेचा किंवा कोष्टकाचा नाही. तो तर कारकुनीचा भाग झाला. शाळेचा शिक्षक आणि कॉलेजचा प्राध्यापक जेथे एकत्र बसून अभ्यासक्रम ठरवतात आणि एकमेकांच्या उत्तरपत्रिका पाहतात, तेथे श्रेयांकाला किंमत येते. जेथे हे होत नाही, तेथे नियम कितीही झाले तरी मुलाच्या हाती कागदच राहतो. आपल्या कॉलेजातील पदवीच्या प्राध्यापकांनी आणि पी. यू. च्या अध्यापकांनी वर्षातून दोनदा एका टेबलाशी बसून, मुले कोणता धडा दोनदा शिकतात आणि कोणता एकदाही शिकत नाहीत, एवढे जरी पाहिले, तरी सुरुवात होईल. त्याला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही. मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांच्या वाचकांनी यावर विचार करावा, ही विनंती.