चिंताविकारावरील औषधे

लाल विंचवाच्या दंशाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. छाती धडधडते, घाम सुटतो, हातपाय गार पडतात. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात आपल्या महाड तालुक्यात त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली, हे तुडीलपासून पोलादपूरपर्यंत जुन्या माणसांना ठाऊक असेलच. चिंताविकारातही धडधड आणि घाम असतोच. विंचू मात्र दिसत नाही! म्हणूनच आघातानंतरच्या दुःस्वप्नांवर प्राझोसिन देऊन पाहण्यात आले. आरंभी आशा वाटली. परंतु अमेरिकेतील माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत ते औषधरहित गोळीहून सरस ठरले नाही (२०१८).

मग उपाय कोणते? अल्प्राझोलाम, डायझेपाम या गोळ्या तासाभरात मन शांत करतात. पण त्यांची सवय जडते आणि दीर्घकाळ घेऊन एकदम सोडल्यास झटकेही येऊ शकतात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांची तशी चटक लागत नाही. मात्र गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत मळमळ होते, क्वचित बेचैनी वाढते. नेमका याच वेळी रुग्ण 'औषध मानवत नाही' म्हणून ते टाकतो व जलद गोळीकडे वळतो. खरा घोटाळा येथेच होतो. ही औषधेही बंद करावयाची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

२२ जुलै २०२१ रोजी आपल्याच तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली. अशा आघातानंतर पहिल्या महिन्यात डायझेपामवर्गीय गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सुचविले आहे. झोप उडालेल्या शेजाऱ्याला आपल्या घरातली गोळी काढून देणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.