पडद्यावरचे पोलीस

मालवणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे निम्मं आयुष्य खाऱ्या हवेशी भांडण्यात जातं. यूएसबीचे पोर्ट गंजतात, कीबोर्ड मरतात, पावसाळ्यात वीज येता-जाता पॉवर सप्लाय उडतात. असा बिघाड घेऊन येणारा माणूस दारातूनच ओरडत येतो. एक गिऱ्हाईक मात्र दुकान रिकामं व्हायची वाट बघतं, लॅपटॉप अर्धवट उघडतं आणि हळूच विचारतं, "माका पोलीस धरतले काय रे?"

पडद्यावर चार सिंहांची राजमुद्रा, गृह मंत्रालयाचं नाहीतर पोलिसांचं नाव, 'बंदी असलेली अश्लील दृश्यं पाहिल्यामुळे हा कॉम्प्युटर बंद करण्यात आला आहे' असा मजकूर, उलटं धावणारं घड्याळ आणि दंडासाठी कार्डाचे रकाने किंवा क्यूआर कोड. माऊसचा बाण गायब. देवबागचे एक न्याहारी निवासवाले ऐन डिसेंबरात कार्ड हातात धरूनच आले होते. खोल्यांची सगळी बुकिंगं त्या लॅपटॉपवर, पाहुणे दारात, आणि दंड भरून मोकळं व्हायची घाई. मी त्यांना पडद्याच्या कोपऱ्यातलं 'तुमचे ठिकाण' वाचायला लावलं. तिथे मुंबई लिहिलेलं होतं! इंटरनेट कंपनीची जोडणी जिथे नोंदलेली असते ते शहर कुठलीही वेबसाइट दाखवू शकते, ते बरोबर असेलच असंही नाही. तुम्ही देवबागात आहात हे ज्यांना कळत नाही, ते तुम्हाला धरायला कुठून येणार?

माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक मशीनमध्ये व्हायरस नसतोच. ते नुसतं पूर्ण पडदा व्यापणारं एक वेबपान असतं. फुकट क्रिकेट, चोरीचे सिनेमे किंवा चुकीचा टाइप झालेला पत्ता, यातून ते उघडतं. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ-फोर एकदम दाबा. तरी हटलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर ब्राउझर 'आधीची पानं परत आणू का?' असं विचारेल, तिथे नाही म्हणा. लोक नेमके इथे हो म्हणतात आणि पोलीस परत हजर! मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी साइटना दिलेली नोटिफिकेशनची परवानगी आणि न ओळखणारी एक्स्टेन्शन्स काढून टाका. दिवसभर कोपऱ्यात जाहिराती येत असतील तर मूळ बहुधा तिथेच सापडतं.

हा धंदा जुना आहे. युरोपात 2011-12 च्या सुमारास रेव्हेटॉन नावाचा खरा व्हायरस त्या त्या देशाच्या पोलिसांच्या नावाने मशीन अडवून 100 युरो मागायचा. त्यामागच्या टोळीचा 27 वर्षांचा रशियन सूत्रधार डिसेंबर 2012 मध्ये दुबईत पकडला गेला. आपल्याकडे 2021 मध्ये दिल्ली पोलिसांनी तामिळनाडूतून तिघांना अटक केली. खोटी पोलीस नोटीस दाखवून ते 3,000 रुपये दंड घेत होते आणि सूत्रं कंबोडियातून हलत होती. रक्कम बघा. तक्रार करायला जाण्याची लाज तीन हजारांपेक्षा महाग वाटते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्यासारख्या गावात तर जास्तच, कारण पोलीस ठाण्यातला हवालदार कोणाचा तरी मामा असतो. मी कोणालाही काय बघत होतात हे विचारत नाही. कारण ते पान काही न बघणाऱ्यालाही तेच सांगतं.

मशीन बंद करून चालू केल्यावर ब्राउझर न उघडताच तोच पडदा आला, तर मात्र आत काहीतरी बसलेलं आहे. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जाऊन तिथलं रीस्टार्ट दाबा, मग येणाऱ्या यादीत चार आकडा दाबला की सेफ मोड मिळतो. तिथे स्टार्टअपमधली अनोळखी नोंद बंद करा. मशीन नेहमीसारखं उघडलं की डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. जमत नसेल तर माझ्यासारख्याकडे न्या, पण भरवशाच्या माणसाकडे, कारण तुमचे फोटो आणि बँकेचे कागद त्याच्या हाती जाणार असतात.

फोनवर ही भानगड सध्या 'आरटीओ चलान' नावाच्या एपीके फाइलमधून व्हॉट्सॲपवर येते. ती पडदा अडवत नाही, गुपचूप ओटीपी चोरते, म्हणून मला तिची जास्त भीती वाटते. चलान खरं आहे का ते सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून बघा. फाइल उघडली असेलच तर आधी इंटरनेट बंद करा, फोन सेफ मोडमध्ये घ्या, सेटिंगमध्ये त्या ॲपला दिलेला डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार काढा आणि मग ॲप उडवा. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे फाइलींच्या नावांपुढे विचित्र अक्षरं लागणं आणि एकही फाइल न उघडणं. तिथे व्हायरस काढला तरी फाइली परत येत नाहीत. नेटची केबल आणि बाहेरची डिस्क लगेच काढा, फॉरमॅट करू नका, धमकीच्या चिठ्ठीचा फोटो घ्या. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही. म्हणून हिशेबाची एक प्रत कामापुरतीच जोडायच्या डिस्कवर ठेवा.

खरे पोलीस लेखी नोटीस देतात, आणि गुन्ह्याचा दंड कोर्ट ठरवतं, ब्राउझर नव्हे. व्हिडिओ कॉलवरच्या 'डिजिटल अरेस्ट'चंही तेच. तशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्येही सांगितलं होतं.

पैसे गेलेच असतील, तर माझ्या दुकानाचा रस्ता धरण्याआधी 1930 वर फोन लावा आणि कार्ड बंद करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या तासा-दोन तासांतच असते. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी आणलात तरी चालेल.