बांध आणि माळासाठी गवताची निवड



पावसाळ्यात बांधाची माती वाहून जाते आणि उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागतो. या दोन्ही अडचणींवर आपल्या रानातील बहुवर्षायू गवते उपयोगी पडतात. मात्र जमिनीचा मगदूर पाहूनच गवत निवडावे.

मध्यम ते भारी जमिनीच्या बांधावर मारवेल लावावे. मुरमाड, उताराच्या माळावर पवना व डोंगरी ही गवते घ्यावीत. कमी पावसाच्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीस अंजन योग्य. पाणी साचते तेथे ते लावू नये. माळावर आपोआप येणारी कुसळी फुलोऱ्यापूर्वीच कापावी. नंतर तिची कुसळे मेंढ्यांच्या तोंडात व लोकरीत रुततात.

पावसाळ्याच्या सुरुवातीस उताराला आडव्या, समपातळीतील ओळींत मुळासह ठोंबे लावावीत. बी पेरावयाचे झाल्यास मागील हंगामातील वापरावे. ताजे बी सुप्तावस्थेमुळे नीट उगवत नाही. बी बारीक, ओलसर मातीत मिसळून १ सें.मी. खोलीपर्यंतच पेरावे.

पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद ठेवावी. मोकाट जनावरे शिरल्यास कोवळी ठोंबे उपटली जातात व सर्व श्रम वाया जातात. गवत पिवळे पडल्यावर कापण्याची आपली रीत आहे. पण तोवर काडी चिवट होते आणि प्रथिने घटतात. म्हणून निम्मे गवत फुलोऱ्यात येताच जमिनीपासून ८ ते १० सें.मी. उंचीवर कापणी करावी व वाळवून गंजी रचावी. हाच चारा उन्हाळ्यात कामी येईल.