गाडग्यातील पैसा व वहीतील पैसा

कुकडी व घोडनदीच्या खोऱ्यांतील पुष्कळ घरांत पैसा दोन ठिकाणी असतो. एक पुरुषाच्या खिशात किंवा बँकेत. दुसरा तांदळाच्या डब्यात, उतरंडीच्या तळाशी, पदराच्या गाठीस. पहिल्याचा हिशोब स्त्रीस विचारता येत नाही, व दुसऱ्याचा ती कोणास सांगत नाही. ह्या लपविलेल्या पैशाबद्दल तिला दोष देणारे उपदेशक आम्ही ऐकले आहेत. आमचे मत निराळे आहे. जिला उघडपणे पैसा ठेवू दिला जात नाही, तीच तो लपविते. आणि लेकराच्या तापात तोच डबा घरास तारतो.

तथापि गाडग्यातील पैसा दुबळा असतो. तो वाढत नाही, व एकदा धन्याच्या हाती लागला की त्यावर तिचा हक्क राहत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री सरकारने ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या, तेव्हा कित्येक बायकांना वर्षानुवर्षांची पुंजी सर्वांसमक्ष बाहेर काढावी लागली.

आपल्या भागात मिळकत कधी एकसारखी येत नाही. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटास दोन हजारांहून अधिक रुपये मिळाले. इतर वर्षी तोच माल बांधावर टाकावा लागला आहे. तोडणीस बाई जाते, पण पट्टी बहुधा पुरुषाच्या नावे निघते. पश्चिमेच्या डोंगरी गावांत बाळहिरडा वेचून वाळविण्यात स्त्रिया खपतात, आणि तो पैसाही हंगामापुरताच असतो. अशा घरास पावसाळ्यात कर्ज काढावे लागते. ते कोणाकडून व कोणत्या दराने, हाच खरा प्रश्न आहे.

१९९२ साली नाबार्ड बँकेने बचत गटांस बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. पुढल्याच वर्षी आपल्या शेजारी राजगुरुनगर येथे सुधा कोठारी यांनी ‘चैतन्य’ ही संस्था स्थापिली. खेड्यातील बायकांचे गट बांधणे व त्या गटांचे संघ करणे हे तिचे काम. गटाची रीत साधी आहे. समजा, १५ बायका दरमहा प्रत्येकी १०० रुपये घालतात. वर्षास १८,००० रुपये जमतात. त्यातून एकीने ५,००० रुपये दरमहा शेकडा २ व्याजाने घेतले व महिन्यास ५०० मुद्दल फेडले, तर पहिल्या महिन्यास व्याज १०० रुपये पडते आणि दहाव्यास केवळ १०. एकंदर ५५० रुपये, व तेही गटाच्याच पेटीत राहतात. तेच पैसे सावकाराकडून शेकडा ५ ने घेऊन नुसते व्याज भरीत राहिल्यास दहा महिन्यांत २,५०० रुपये जातात, आणि मुद्दल ५,००० जशास तसे उभे! हा हिशोब उपदेशकांनी फळ्यावर मांडून दाखवावा. नुसता सांगितल्याने तो मनात बसत नाही.

येथे एक इशारा देणे आम्हांस अवश्य वाटते. दर आठवड्यास हप्ता मागावयास येणारा खासगी कंपनीचा मनुष्यही ‘गट’ हाच शब्द वापरतो. परंतु त्या गटात बायकांची स्वतःची बचत बहुधा नसते. एकीने दुसरीस जामीन राहावे एवढ्याचसाठी तो असतो. शिवाय कर्जावर अंगठा बाईचा, पैसा मात्र मोटारसायकलीस किंवा बोअरवेलीस जातो, व हप्त्याच्या दिवशी घरधनी गावात नसतो. ज्या कर्जाचा विनियोग तिला ठाऊक नाही, त्यावर तिने सही करू नये. नवऱ्याचा मान राखणे म्हणजे डोळे मिटून सही करणे नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानातील दहा नाण्यांची बाई आपण दिवा व केरसुणी यांसाठी आठवतो. पण एक नाणे गेले हे तिला कळले कसे? तिची नाणी मोजलेली होती. आपल्या बहिणींनीही एक वही करावी. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले. मीठमिरचीही लिहावी, तंबाखूही लिहावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्यावे. ती वही नवऱ्याने पाहावी व त्यानेही आपला खर्च तीत मांडावा. हे दुसरे कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला व मागे विधवा आणि मुले असली, तर एक तृतीयांश वाटा विधवेचा असतो. उरलेला मुलगे व मुली यांत सारखा वाटला जातो. दिराने कागद पुढे केला म्हणून विधवेने त्यावर अंगठा उठवू नये. आधी तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा. स्त्रियांच्या पुढील सभेस प्रत्येकीने घरचे पासबुक घेऊन यावे. उपदेशकाने शिल्लक मोठ्याने वाचू नये. ती ज्याची त्याची बाब आहे. नॉमिनीच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, की तो कोराच आहे, एवढे मात्र प्रत्येकीस हळूच सांगावे.