शिष्यवृत्तीचा निधि व त्याचे विश्वस्त

रविवारच्या उपासनेंत दानपेटी फिरते, तेव्हां तींत पडलेलें नाणें पुढें कोठें जातें हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत येत असेल. सर्वसाधारण वर्गणी कशी खर्चावी हें मंडळीच्या कारभाऱ्यांनीं ठरवावें, हें ठीकच आहे. परंतु जें दान देणाऱ्यानें ‘सेमिनरींतील विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीकरितां’ असें सांगून दिलें, त्याची गोष्ट निराळी. त्याचाच विचार येथें थोडक्यांत करूं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी पाळकाचें शिक्षण घेण्यासाठीं सेमिनरींत गेला. घरची गरिबी, सारी भिस्त एका शिष्यवृत्तीवर. दुसऱ्या वर्षीं ती आलीच नाहीं. चौकशी करतां कळलें कीं, निधीचा पैसा एका इमारतीच्या छपराकडे ‘तात्पुरता’ वळविला होता. कोणीं एक पैही खिशांत घातली नव्हती. छप्परही खरोखरच गळत होतें. तथापि तो मुलगा घरीं परतला, तो पुन्हां गेला नाहीं. चोरी न होतांही विश्वासभंग होऊं शकतो, हें आम्ही त्या वेळीं शिकलों.

असें कसें घडतें, हें गणितानें पाहूं. अशा निधींत बहुधा मुद्दल राखून ठेवतात व व्याज विद्यार्थ्याला देतात. समजा, मुद्दल १,००,००० रुपये आणि व्याजाचा दर दरसाल दर शेंकडा ६ आहे. विद्यार्थ्याला वर्षाला ६,००० रुपये मिळतील. आतां मुद्दलांतून ४०,००० रुपये दुसऱ्या कामीं बिनव्याजी उसने काढले, तर उरलेल्या ६०,००० रुपयांचें व्याज ३,६०० रुपयेच येईल. ताळेबंदांत ४०,००० रुपये ‘येणें’ म्हणून दरवर्षीं दिसत राहतात. विद्यार्थ्याला मात्र दरसाल २,४०० रुपये कमी मिळतात.

याचा अर्थ दात्याची अट नेहमीं शहाणपणाचीच असते, असें नव्हे. बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या इतिहासांत याचा चांगला दाखला आहे. तें कॉलेज विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनीं १८१८ सालीं स्थापिलें. ज्यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं प्रसिद्ध झालें, तेच हे कॅरीसाहेब. वॉर्डसाहेबांनीं पुढें अमेरिकेचा प्रवास करून एतद्देशीय उपदेशकांच्या शिक्षणाकरितां सुमारें १०,००० डॉलर जमविले. नंतर तिकडून असा आग्रह धरण्यांत आला कीं, यांतील कांहींही विज्ञान शिकविण्याकडे जाऊं नये. कॅरींना ही अट अत्यंत संकुचित वाटली. विज्ञानावांचून उपदेशक तयार होतो काय, आणि तुमच्या देशांत तरी तसें करतात काय, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आम्हांस यांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, त्यांनीं आपला मतभेद पत्रानें उघड कळविला. अट पटत नसेल तर दात्याला तसें सांगावें, नाहीं तर दान परत करावें. होकार देऊन पैसा घ्यावा व मुकाट्यानें अन्यत्र खर्चावा, हा मार्ग प्रामाणिक नव्हे.

कायदाही हेंच सांगतो. १९५० सालच्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें (हल्लीं तो महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो) संस्थांना हिशेब ठेवून ते तपासून घेणें भाग आहे. मूळ हेतु पार पाडणें अशक्य झालें, तरी विश्वस्तांना स्वतःच्या मर्जीनें नवा हेतु ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं न्यायालयाची आज्ञा लागते. परदेशांतून आलेल्या दानास २०१० सालचा विदेशी अंशदानाचा कायदा लागू आहे. ज्या कामासाठीं पैसा घेतला, त्याच कामीं तो लावावा लागतो. २०२० सालच्या दुरुस्तीनें असा पैसा घेणाऱ्या मंडळाला तो दुसऱ्या संस्थेकडे देण्याची मनाई झाली, व कारभारखर्चाची मर्यादा शेंकडा ५० वरून २० वर आली.

परंतु कायद्याच्या कितीतरी आधीं प्रेषित पौलानें हा धडा घालून दिला. यरुशलेमेंतील गरिबांसाठीं जमविलेली वर्गणी त्यानें एकट्यानें नेली नाहीं. कोणाला दोष ठेवण्यास जागा राहूं नये, म्हणून मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें त्यानें बरोबर घेतलीं. प्रेषितालाही साक्षीदार हवेसे वाटले, तर आमच्या समित्यांना ते कां नकोत?

विद्यार्थिमित्रहो, आज ना उद्यां तुमच्यापैकीं कित्येक जण मंडळीच्या समित्यांवर बसतील. तेव्हां चार गोष्टी विसरूं नका. दानाचा हेतु लेखी घ्या. त्याचें खातें वेगळें ठेवा. कोणत्या वर्षीं किती विद्यार्थ्यांना किती रक्कम दिली, हें दरसाल मंडळीपुढें वाचून दाखवा. अडचण आली, तर पैशाला हात लावण्यापूर्वीं दात्याला विचारा. छपरासाठीं मंडळीकडे वेगळी वर्गणी मागतां आली असती, आणि ती मिळालीही असती. त्या मुलाचें गेलेलें वर्ष मात्र कोणत्याही वर्गणीनें भरून आलें नाहीं.