मोबाईलची बॅटरी का दमते?

गेल्या गणपतीत आम्ही लालबागला काकांच्या चाळीत गेलो होतो. तिथे १९३४ सालापासून लालबागचा राजा बसतो. गर्दीत मी आणि बाबा मागे राहिलो. आई व काका दिसेनात. बाबांचा मोबाईल सकाळी पूर्ण भरलेला होता, तरी दुपारीच बंद पडला. आईचा नंबर बाबांना पाठ नव्हता. मला होता! एका हारवाल्याच्या फोनवरून लावला तेव्हा आई सापडली. ती रडत होती.

काका म्हणाले, "दादा, तू रात्रभर उशीखाली फोन चार्जिंगला लावतोस, म्हणून असं होतं." आमच्या गावी लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून बाबा तसं करतात.

मित्रांनो, या बॅटरीत लिथियम असते. हा सर्वांत हलका धातू. चार्ज करताना त्याचे कण एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात, फोन वापरताना परत येतात. या येण्याजाण्यात बॅटरी थोडी थोडी झिजते. उष्णतेने फार लवकर झिजते. सतत पूर्ण भरून किंवा पार शून्यावर ठेवली तरी झिजते. २० ते ८० टक्क्यांत ठेवली तर जास्त टिकते. ही बॅटरी तयार करण्याच्या कामाबद्दल २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. त्यातले गुडइनफ ९७ वर्षांचे होते, माझ्या आजोबांहून मोठे!

बाबांनी नवी बॅटरी घातली. जुनी फुगली होती. मला ती फोडून बघायची होती, पण दुकानदाराने हातसुद्धा लावू दिला नाही. टोचली तर पेट घेते म्हणे.